‘देह क्रमांक १’ : रक्स्टन खटला (१९३५-३६) आणि एका अनोळखी तरुणीच्या ओळखीचा न्यायवैद्यक शोध

प्रस्तावना

मृत व्यक्तीची ओळख पटविणे ही न्यायदानाची पहिली पायरी होय. मृत कोण आहे हे निश्चित होत नाही तोवर मृत्यू केव्हा, कोठे आणि कोणाच्या हातून घडला, हे प्रश्न अधांतरीच राहतात. गुन्हेगारालाही याची जाणीव असते. म्हणूनच प्रेत दडविण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रयत्न तो प्रेताची ओळख पुसून टाकण्यासाठी करतो. गुन्हेगार स्वतःच वैद्यकशास्त्राचा जाणकार असेल तर हा प्रयत्न किती पद्धतशीर होऊ शकतो आणि तपास यंत्रणेसमोर किती मोठे आव्हान उभे राहते, याचे जगाच्या न्यायवैद्यक इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील रक्स्टन खटला होय.

सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधील एका ओढ्यात मानवी अवशेषांची गाठोडी सापडली. त्यांतून पुढे दोन देह निष्पन्न झाले. तपासाच्या कागदपत्रांत त्यांची नोंद ‘देह क्रमांक १’ आणि ‘देह क्रमांक २’ अशी झाली. त्यांपैकी पहिला देह विशीतील एका तरुणीचा होता. ही तरुणी म्हणजे लँकेस्टर येथील एका डॉक्टरांच्या घरी मुले सांभाळणारी मेरी जेन रॉजरसन. ग्रंथांतून हा खटला आरोपीच्या नावाने आणि तज्ज्ञांच्या कर्तृत्वासाठी ओळखला जातो. प्रस्तुत निबंधात मात्र या इतिहासाचा विचार ‘देह क्रमांक १’ केंद्रस्थानी ठेवून केला आहे. जिच्या नावाची कोणत्याही सरकारी दप्तरात विशेष नोंद नव्हती, अशा एका कष्टकरी मुलीला तिचे नाव परत कसे मिळाले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. १९३५ पर्यंत विकसित झालेल्या ओळख-निश्चितीच्या पद्धतींची पार्श्वभूमी समजून घेणे.
२. रक्स्टन प्रकरणातील तरुणीची ओळख पटविण्यासाठी वापरलेल्या पद्धतींचा आढावा घेणे.
३. या प्रक्रियेत तज्ज्ञांचे शास्त्र आणि सामान्य माणसांची स्मृती यांचे परस्परसंबंध तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे वाढली, रेल्वेमुळे माणसांची ये-जा वाढली आणि ‘हा माणूस तोच कशावरून?’ हा प्रश्न प्रशासनाला पदोपदी भेडसावू लागला. पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फाँस बर्टियाँ यांनी १८८० च्या दशकात शरीराच्या मोजमापांवर आधारित पद्धती रूढ केली. तथापि, मोजमापे घेणाऱ्यागणिक बदलत आणि ती केवळ पूर्ण वाढ झालेल्या व्यक्तीलाच लागू पडत.

या पद्धतीला पर्याय मिळाला तो अंगुलिमुद्रांचा, आणि त्याची प्रयोगभूमी होती भारत. बंगालमधील सनदी अधिकारी विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारपत्रावर हाताचा ठसा घेतला होता. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८९२ मध्ये अंगुलिमुद्रांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या काळात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची व्यवहार्य पद्धत सिद्ध करण्यात मोलाचा वाटा उचलला. १८९७ मध्ये कलकत्ता येथे अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ही पद्धत स्वीकारली.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. अंगुलिमुद्रांचे संग्रह हे प्रामुख्याने गुन्हेगारांचे संग्रह होते. ज्याला एकदा अटक झाली त्याचे ठसे दप्तरात असत. ज्या व्यक्तीचा पोलिसांशी कधी संबंधच आला नाही, तिचे ठसे कोठेही नसत. अनोळखी प्रेताचे ठसे कितीही स्पष्ट मिळाले तरी ते कशाशी ताडून पाहावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहत असे. मेरी रॉजरसनच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न पुढे आला.

लँकेस्टरमधील घर

या प्रकरणातील आरोपीचा जन्म १८९९ मध्ये मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम असे होते. मुंबई विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर तो उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला गेला. एडिंबरो येथे शल्यचिकित्सेच्या परीक्षेत त्याला यश आले नाही. परंतु मुंबईच्या पदवीच्या आधारे त्याला ब्रिटनमध्ये व्यवसाय करता आला. त्याने ‘बक रक्स्टन’ असे नाव धारण केले आणि १९३० मध्ये लँकेस्टर शहरातील डाल्टन स्क्वेअर येथे दवाखाना थाटला. गरीब रुग्णांकडून अनेकदा पैसे न घेणारा डॉक्टर म्हणून तो लोकप्रिय होता.

एडिंबरो येथे त्याची इझाबेला केर हिच्याशी ओळख झाली होती. त्यांचा विधिवत विवाह झालेला नसला तरी ती दोघे पतिपत्नी म्हणूनच राहत. त्यांना तीन मुले होती आणि ही मुले सांभाळण्यासाठी मेरी रॉजरसन त्यांच्या घरी राहत असे. १९३५ मध्ये ती २० वर्षांची होती. रक्स्टनचा स्वभाव संशयी होता आणि घरात वारंवार भांडणे होत.

१४ सप्टेंबर १९३५ रोजी इझाबेला आपल्या बहिणींना भेटण्यासाठी आणि तेथील प्रसिद्ध दिव्यांची रोषणाई पाहण्यासाठी ब्लॅकपूलला गेली. त्याच रात्री ती मोटारीने घरी परतण्यास निघाली. त्यानंतर ती आणि मेरी या दोघीही कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. दोघी बाहेरगावी गेल्या आहेत असे रक्स्टन सांगू लागला. मेरीच्या आईवडिलांना त्याने सांगितले, की मेरीला दिवस गेले असून त्या गोष्टीची वाच्यता होऊ नये म्हणून इझाबेला तिला घेऊन गेली आहे. प्रतिष्ठेच्या भीतीने गरीब आईवडील गप्प बसतील, हा त्यामागील हिशेब उघड दिसतो. तो चुकला. मुलीचा ठावठिकाणा लागत नाही हे पाहून त्यांनी पोलिसांत तक्रार नोंदविली. अनोळखी तरुणीच्या ओळखीचा शोध खऱ्या अर्थाने येथूनच सुरू झाला, असे म्हणावे लागते.

अवशेषांचा शोध

२९ सप्टेंबर १९३५ रोजी, रविवारी, स्कॉटलंडमधील मॉफॅट गावाजवळच्या गार्डनहोम लिन या ओढ्यावरील पुलावरून जाणाऱ्या एका स्त्रीला खाली मानवी हात दिसला. लँकेस्टरपासून हे ठिकाण सुमारे शंभर मैल दूर आहे. पोलिसांनी ओढा आणि परिसर पिंजून काढला. चादरीचे तुकडे, वर्तमानपत्रे, एक ब्लाउज आणि लहान मुलाचा एक कपडा यांत गुंडाळलेले अवशेष हाती लागले. पुढील काही आठवडे शोध चालूच होता. एकूण सुमारे ७० तुकडे जमा झाले.

प्रारंभीच्या तपासणीत हे अवशेष एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचे असावेत असा समज झाला आणि वृत्तपत्रांतूनही तसेच प्रसिद्ध झाले. दोन बेपत्ता स्त्रियांशी या घटनेचा संबंध जोडला जाण्यास त्यामुळे काही काळ अडथळा आला. पहिला अंदाज चुकू शकतो आणि तो प्रसिद्ध झाला की तपासाची दिशाच भरकटते, हा या प्रकरणातील एक धडा होय.

अवशेष एडिंबरो विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात हलविण्यात आले. ग्लासगो विद्यापीठातील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर, एडिंबरो येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स कूपर ब्रॅश आणि न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक सिडनी स्मिथ हे या कार्यातील प्रमुख होते. त्यांना दंतवैद्य, विकृतिशास्त्रज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांची साथ मिळाली. दोन विद्यापीठांतील भिन्न शाखांच्या अभ्यासकांनी एका गुन्ह्याच्या तपासासाठी इतक्या एकोप्याने काम करावे, ही त्या काळातील उल्लेखनीय घटना होती.

‘देह क्रमांक १’

तज्ज्ञांपुढील पहिले काम होते तुकड्यांची दोन देहांत विभागणी करण्याचे. मणक्यांचे सांधे, हाडांची लांबी आणि कापल्याच्या जागा जुळवून हे काम पार पडले. अवयव सांध्यांवर सुरीने नेमके वेगळे केलेले होते. करवतीचा वापर दिसत नव्हता. शरीररचनेची माहिती असलेल्या हातांचेच हे काम असावे, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. दुसऱ्या देहाचे धड सापडले होते. पहिल्या देहाचे धड मात्र कधीच मिळाले नाही.

त्यानंतर वयाचा प्रश्न आला. तरुण वयात लांब हाडांची टोके मुख्य हाडाशी हळूहळू जुळत जातात आणि ही प्रक्रिया साधारणपणे ठरावीक क्रमाने घडते. क्ष-किरण छायाचित्रांतून ती स्पष्ट दिसते. कवटीचे सांधे आणि अक्कलदाढांची स्थिती यांचाही विचार करण्यात आला. या आधारे ‘देह क्रमांक १’ चे वय १८ ते २५ वर्षांच्या दरम्यान, बहुधा २० ते २१ असावे, असे ठरले. उंची पाच फुटांहून किंचित कमी निघाली. दुसऱ्या देहाचे वय ३५ ते ४५ च्या दरम्यान असल्याचा अंदाज देण्यात आला. मेरी २० वर्षांची आणि सुमारे पाच फूट उंचीची होती. इझाबेला ३४ वर्षांची होती.

तथापि, वय, लिंग आणि उंची जुळणाऱ्या तरुणी असंख्य असू शकतात. या मोजमापांमुळे शोधाचे वर्तुळ लहान झाले, परंतु त्यातून नाव मिळाले नाही.

पुसलेल्या खुणांची साक्ष

एखादी व्यक्ती ओळखली जाते ती तिच्या विशेष खुणांवरून. मेरीच्या कुटुंबीयांनी सांगितलेल्या खुणा अशा होत्या : तिच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके होते, हातावर जन्मखूण होती, अंगठ्यावर जुना व्रण होता, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेची खूण पोटावर होती आणि डाव्या दंडावर देवी टोचल्याचे चार व्रण होते.

‘देह क्रमांक १’ च्या तपासणीत जे आढळले ते विलक्षण होते. डोळे काढून टाकलेले होते. चेहऱ्यावरील त्वचा नाहीशी केलेली होती. जन्मखुणेच्या आणि अंगठ्यावरील व्रणाच्या जागचा भाग कापून काढलेला होता. पोटावरील खूण ज्या धडावर असावयास हवी ते धडच मिळाले नव्हते. दुसऱ्या देहाबाबतही हाच प्रकार होता. इझाबेलाच्या नाकाची ठेवण ठसठशीत होती. देहाचे नाक कापलेले होते. तिचे घोटे जाड होते. देहाच्या पायांवरील मांस काढलेले होते. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ हाड वाढलेले होते. त्या जागेचा मऊ भाग छाटलेला होता.

एखादी खूण नसणे हा सामान्यतः ओळखीविरुद्धचा पुरावा ठरतो. येथे मात्र नेमक्या ज्या ज्या जागी खुणा असावयास हव्या होत्या त्या त्या जागीच शरीराला इजा केलेली होती. एक-दोन ठिकाणी असे घडते तर तो योगायोग म्हणता आला असता. परंतु सर्व पुसलेल्या जागांची यादी आणि मेरीच्या खुणांची यादी एकमेकींशेजारी ठेवल्यावर त्या जुळू लागल्या. ओळख नष्ट करणाऱ्याने आपल्याला ही व्यक्ती किती जवळून माहीत होती, हेच नकळत लिहून ठेवले होते. मेरीच्या हातावर कोठे जन्मखूण आहे हे वाटसरू चोराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

शिवाय पुसण्याचे काम अपूर्णच राहिले होते. देवी टोचल्याचे चार व्रण दंडावर तसेच होते. पायाच्या वाढलेल्या हाडाची खूण क्ष-किरणांत दिसत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या देहाच्या बोटांची टोके छाटलेली असली तरी पहिल्या देहाच्या हातांची बोटे शाबूत होती.

हातांचे ठसे

ही बोटे शाबूत का राहिली, याचे निश्चित उत्तर देता येत नाही. वेळ अपुरा पडला असेल; किंवा एका साध्या मुलीच्या ठशांचा उपयोग तो काय, असाही विचार झाला असेल. ठसे गुन्हेगारांचे घेतले जातात आणि मेरीचे नाव कोणत्याही गुन्हेगारी नोंदीत नव्हते.

पाण्यात राहिल्यामुळे बोटांवरील बाह्यत्वचा सुटली होती. ग्लासगो पोलिसांच्या अंगुलिमुद्रातज्ज्ञांनी आतील त्वचेवरील रेषांचे ठसे घेतले. बाह्यत्वचेवरील रेषांचा आराखडा आतील थरातही असतो, फक्त तो फिकट असतो. असे ठसे मिळविणे आणि ते न्यायालयापुढे मांडणे ही त्या काळी विरळा गोष्ट होती.

हे ठसे ताडून पाहण्यासाठी तज्ज्ञ कोणत्याही दप्तराकडे नव्हे, तर डाल्टन स्क्वेअरच्या घराकडे वळले. तेथील काचेच्या वस्तू, बाटल्या आणि रोजच्या वापरातील इतर जिन्नस त्यांनी बारकाईने तपासले. त्यांवर मिळालेले ठसे ‘देह क्रमांक १’ च्या बोटांशी जुळले. ज्या वस्तू मेरी रोज हाताळत होती, पुसत होती, जागच्या जागी ठेवत होती, त्याच वस्तूंनी तिची साक्ष दिली. सरकारी कागदावर जिचा ठसा नव्हता तिच्या श्रमाचे ठसे घरभर होते. अनोळखी देह आणि विशिष्ट घर यांना थेट जोडणारा इतका भक्कम दुवा या प्रकरणात दुसरा नव्हता.

कवटी आणि छायाचित्र

या प्रकरणाला न्यायवैद्यक इतिहासात विशेष स्थान मिळाले ते ब्रॅश यांनी केलेल्या छायाचित्र-अध्यारोपणामुळे. जिवंतपणी काढलेले छायाचित्र प्रत्यक्ष आकाराइतके मोठे करावयाचे, कवटी त्याच कोनात ठेवून तिचे छायाचित्र घ्यावयाचे आणि दोन्हींच्या बाह्यरेषा एकमेकींवर ठेवून जुळतात का ते पाहावयाचे, अशी ही पद्धत होती.

यातील मुख्य अडचण प्रमाणाची होती. इझाबेलाचे एक छायाचित्र स्टुडिओतील होते. त्यात तिने डोक्यावर मुकुटासारखा दागिना घातला होता. तो दागिना प्रत्यक्ष उपलब्ध असल्याने त्याच्या मापावरून छायाचित्राचे प्रमाण काढता आले. मेरीच्या छायाचित्रांबाबत असा आधार नव्हता. त्यामुळे तिच्या बाबतीत तुलना अधिक अवघड होती. घरच्या मालकिणीचे आणि कामाला असलेल्या मुलीचे सामाजिक अंतर असे छायाचित्रांतही उतरले होते. तरीही पहिली कवटी मेरीच्या आणि दुसरी इझाबेलाच्या छायाचित्राशी सुसंगत ठरली. अदलाबदल करून पाहिल्यावर मात्र रेषा जुळेनात.

या पद्धतीची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. दोन आकृती न जुळणे हा नकाराचा प्रबळ पुरावा असतो. जुळणे हा केवळ संभाव्यतेचा. एकाच ठेवणीच्या कवट्या अनेक असू शकतात. त्यामुळे अध्यारोपणाचे स्थान पूरक पुराव्याचेच होते. देहांच्या डाव्या पावलांचे साचे तयार करून ते दोघींच्या बुटांत घालून पाहण्यात आले, तेही याच स्वरूपाचे होते.

मृत्यूच्या काळाबाबतही शास्त्राची मदत झाली. ग्लासगो येथील डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी अवशेषांवरील माशीच्या अळ्यांची तपासणी केली. त्यांची वाढ सुमारे १२ ते १४ दिवसांची असल्याचा त्यांचा अंदाज दोघी बेपत्ता झाल्याच्या काळाशी सुसंगत होता. कीटकशास्त्राच्या न्यायालयीन उपयोगाचे हे ब्रिटनमधील एक आरंभीचे उदाहरण मानले जाते.

ठिगळ, गाठ आणि वर्तमानपत्र

प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत हे काम चालू असताना दुसरीकडे अगदी साध्या वस्तूंनी आपली कथा सांगण्यास सुरुवात केली होती.

अवशेष गुंडाळलेल्या कागदांत ‘संडे ग्राफिक’ या वृत्तपत्राच्या १५ सप्टेंबर १९३५ च्या अंकाची पाने होती. ती त्या वृत्तपत्राच्या सर्वसाधारण आवृत्तीची नव्हती. लँकेस्टर आणि मोरकॅम या परिसरापुरती, स्थानिक उत्सवाच्या वृत्तासह काढलेली ती खास आवृत्ती होती. रक्स्टनच्या घरी हे वृत्तपत्र येत असे. दोन देशांच्या पोलिसांना लँकेस्टरकडे नेणारा हा महत्त्वाचा धागा ठरला.

ब्लाउज मेरीच्या सावत्र आईला दाखविण्यात आला. तिने तो तत्काळ ओळखला, तो काखेतील ठिगळावरून. ते ठिगळ तिने स्वतः लावले होते आणि नंतर तो ब्लाउज मेरीला दिला होता. लहान मुलाचा कपडा ओळखला तो दुसऱ्या एका स्त्रीने. रक्स्टन कुटुंब सुट्टीत तिच्याकडे उतरले होते आणि तिने तो कपडा मुलांसाठी दिला होता. त्याच्या इलॅस्टिकला तिने स्वतः मारलेली गाठ तशीच होती. चादरीच्या तुकड्यांची तुलना घरातील चादरीशी करण्यात आली, तेव्हा विणीच्या किनारीतील एकच दोष दोन्हींत आढळला.

या पुराव्यांकडे सामान्यतः तज्ज्ञांच्या कामगिरीची पुरवणी म्हणून पाहिले जाते. तथापि, बारकाईने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. शरीररचनाशास्त्राने सांगितले की ही सुमारे २० वर्षांची, लहान चणीची तरुणी आहे. ती रॉजरसनांची मेरी आहे हे सांगण्यासाठी कोणीतरी तिला ओळखणारे असावे लागले. तिरळेपणा, जन्मखूण, व्रण यांची यादी तिच्या कुटुंबाने दिली नसती तर पुसलेल्या जागांचा अर्थ कोणालाही लागला नसता. जिने ठिगळ लावले तिलाच ते ठिगळ ओळखता आले.

न्यायालयापुढे

१७ सप्टेंबर रोजी केंडल गावी एका मोटारीने सायकलस्वाराला धक्का दिला होता. त्याने मोटारीचा क्रमांक टिपून ठेवला आणि ती मोटार रक्स्टनची निघाली. केंडल हे स्कॉटलंडहून लँकेस्टरकडे येणाऱ्या वाटेवर आहे. घरातील जिना, स्नानगृह आणि गालिचे यांवर रक्ताचे डाग आढळले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी रक्स्टनवर मेरीच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. ५ नोव्हेंबर रोजी इझाबेलाच्या खुनाचा आरोपही ठेवण्यात आला.

खटला २ मार्च १९३६ पासून मँचेस्टर येथे न्यायमूर्ती सिंगलटन यांच्यापुढे चालला. बचाव पक्षाचे काम नॉर्मन बर्केट यांनी पाहिले. सरकार पक्षाच्या वकिलांत डेव्हिड मॅक्सवेल फाइफ आणि हार्टली शॉक्रॉस होते. या दोघांनी पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेम्बर्ग खटल्यातही काम केले. बचाव पक्षाने देहांच्या ओळखीलाच आव्हान दिले. १३ मार्च रोजी ज्यूरीने आरोपीस दोषी ठरविले. अपील फेटाळले गेले. लँकेस्टरमधील हजारो नागरिकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या. परंतु १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. नंतर त्याचा कबुलीजबाब वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला. रागाच्या भरात इझाबेलाला मारले आणि त्या वेळी मेरी तेथे हजर होती म्हणून तिलाही मारले, असा त्याचा आशय होता.

या खटल्यातील एक बाब विशेष विचारार्ह आहे. पहिला आरोप मेरीच्या खुनाचा होता. ओळखीचा सर्वांत निर्णायक पुरावा, म्हणजे ठशांचा, मेरीच्या देहाबाबतचा होता. प्रत्यक्षात मात्र खटला चालला तो केवळ इझाबेलाच्या खुनाबद्दल. एका खुनाबद्दल फाशी झाल्यावर दुसऱ्या खटल्याचे प्रयोजन उरले नाही. परिणामी, मेरीच्या ओळखीने खटला उभा राहिला, तरी तिच्या मृत्यूबद्दल न्यायालयाचा स्वतंत्र निकाल कधी लागलाच नाही. ती त्या खटल्यात फिर्यादीचा विषय नव्हती, तर दुसऱ्याच्या खटल्यातील पुरावा होती.

प्रकरणाचे दूरगामी महत्त्व

ग्लेस्टर आणि ब्रॅश यांनी १९३७ मध्ये या प्रकरणाच्या वैद्यक-न्यायिक बाजूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासात प्रमाणभूत मानला गेला. कवटी आणि छायाचित्र यांच्या अध्यारोपणाची पद्धत पुढे अनेक देशांत, भारतातही, वापरली गेली. या प्रकरणाला साम्राज्याच्या इतिहासाचेही एक अस्तर आहे. आरोपीचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले होते. ज्या अंगुलिमुद्रापद्धतीने मेरीची ओळख पटली तिचा पाया बंगालमध्ये घातला गेला होता. स्मिथ आणि ग्लेस्टर या दोघांनीही यापूर्वी इजिप्तमध्ये न्यायवैद्यक क्षेत्रात काम केले होते. ब्रिटनच्या न्यायालयात मांडलेले हे शास्त्र केवळ ब्रिटनमध्येच घडलेले नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

१९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी लेस्टर विद्यापीठात डीएनए आराखड्याचा शोध लावला आणि ओळख-निश्चितीचे स्वरूपच पालटले. आज असे प्रकरण घडल्यास अस्थी किंवा दातातील डीएनएवरून नाते निश्चित करता येईल. परंतु डीएनएचा आराखडा स्वतः नाव सांगत नाही. तो जुळवून पाहण्यासाठी नातलगाचा नमुना लागतो. आणि नमुना देण्यासाठी ‘आमची मुलगी हरवली आहे’ असे म्हणत कोणीतरी पुढे यावे लागते. या अर्थाने १९३५ चा प्रश्न आजही संपलेला नाही.

निष्कर्ष

१. ‘देह क्रमांक १’ ची ओळख कोणत्याही एका चमत्कारिक शोधाने पटली नाही. वय, उंची, व्रण, ठसे, कवटी, कपडे आणि वर्तमानपत्र या स्वतंत्र पुराव्यांच्या एकत्रित बळावर ती सिद्ध झाली.
२. ओळख पुसण्याचा पद्धतशीर प्रयत्न हाच ओळखीचा पुरावा ठरला. वैद्यकीय ज्ञानाचा दुरुपयोग त्याच ज्ञानाच्या सदुपयोगाने उघड झाला.
३. दप्तरी नोंद नसलेल्या व्यक्तीची ओळख तिच्या दैनंदिन कामाच्या खुणांवरून पटू शकते, हे ठशांच्या पुराव्याने दाखवून दिले.
४. शास्त्राने शक्यता मर्यादित केल्या; निश्चित नाव दिले ते मेरीला ओळखणाऱ्या माणसांच्या स्मृतीने. विशेषतः स्त्रियांच्या घरगुती कामाच्या स्मृतीला या प्रकरणात तज्ज्ञांच्या साक्षीइतकेच मोल आहे.
५. ओळख पटणे आणि न्याय मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेरीच्या बाबतीत पहिली पूर्ण झाली, दुसरी अप्रत्यक्षपणेच घडली.

समारोप

अवशेष सापडलेल्या ठिकाणाला परिसरातील लोक पुढे रक्स्टनच्याच नावाने ओळखू लागले. खटल्याला त्याचे नाव मिळाले, ग्रंथालाही मिळाले. इतिहासात अनेकदा मारेकऱ्याचे नाव टिकते आणि बळीचे नाव तळटीपेत जाते. मेरी रॉजरसनच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी, पोलिसांनी आणि तिच्या माणसांनी काही आठवडे अथक परिश्रम करून एका क्रमांकाच्या जागी पुन्हा एक नाव लिहिले. मुलीला दिवस गेले आहेत, या डॉक्टरच्या शब्दावर तिचे आईवडील लाजेने गप्प राहिले असते, तर ते नाव कदाचित कधीच लिहिले गेले नसते. न्यायवैद्यकशास्त्राच्या इतिहासात प्रयोगशाळेइतकेच महत्त्व पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या त्या आईवडिलांनाही दिले पाहिजे.